न कापलेली दोन मीटर केबल

गजूभाऊ गेल्याचे मला त्यांच्या तेरवीनंतर कळले. शिरपूर जैनच्या स्टँडवर एक जुना मजूर भेटला. म्हणाला, "साहेब, तुमी मातीले दिसले नाही?"

किन्हीराजा गावचे गजूभाऊ जमिनीखालच्या उच्चदाबाच्या केबलींचे जोड घालत, मी ठेकेदाराचा सुपरवायझर. वीस वर्षे आम्ही एकाच खड्ड्यात उतरलो. जोड घालण्याआधी ते साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे आणि वाळेपर्यंत उन्हात धरून उभे राहायचे. शेवटी जोडावर आपल्या नावाचा पत्रा बांधायचे. "जमिनीत कोण वाचणार गजूभाऊ?" मी चिडवायचो. "नाही वाचलं तरी चालते. काम माह्यं हाये ना?"

मालेगावच्या कामात केबलच्या तोंडाची टोपी निघाली आणि दोन दिवस तोंड पावसात उघडे राहिले. गजूभाऊ म्हणाले, "अंदर पानी गेलं साहेब. दोन मीटर कापा." कापली असती तर केबल पुरली नसती, नवा तुकडा, आणखी एक जोड, आणि लाइन तर दुसऱ्याच दिवशी सुरू करायची होती. मी म्हणालो, "घाला हो. काही झालं तर मी आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि जोड घातला. चाचणीत तो टिकला. काही महिन्यांनी फुटला.

चौकशीत मी सांगितले, जोड घालणाऱ्याचा निष्काळजीपणा. गजूभाऊ समोरच उभे होते. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाले, "तुमी होते ना साहेब?" त्यानंतर त्यांना कुणी जोडाच्या कामाला बोलावले नाही. मीही नाही.

परवा त्यांच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, "बसा. ते सांगत, साहेबानं माही लय बाजू घेतली, पन वरच्यायनं ऐकलं नाही."

त्यांनी हत्यारांची पेटी पुढे ठेवली. काम नसतानाही गजूभाऊ दर शनिवारी सुऱ्यांना धार लावून तेल देत. "घेऊन जा. तुमच्याशिवाय कोन ओळखनार यायले?"

मग मात्र मी सगळे सांगितले. वहिनींनी विचारले,

"त्यायनं कापाले सांगतलं होतं?"

"हो."

"मंग लिहून द्या. चार लोकायनं वाचलं पाह्यजे."

पेटी त्यांनी उचलून पुन्हा फळीवर ठेवली. चहाचे विचारले नाही.

म्हणून लिहितो आहे. गजूभाऊंनी कापायला सांगितले होते. मी कापू दिले नाही.