होडीवरचा कर्णा

ज्या वर्षी बाबांचा आवाज बसला आणि पुन्हा उठलाच नाही, त्या वर्षी मी लाऊडस्पीकरच्या एका कर्ण्यासाठी कुडाळच्या तीन खेपा घातल्या. साठ सालानंतरची गोष्ट. आमच्या तारकर्लीच्या वाडीत तेव्हा वीज नव्हती. एस.टी. मालवणला सोडायची, पुढे दोन पायांची गाडी. अजून त्या खेपा आठवल्या तरी पोटऱ्या भरून येतात.

माझे वडील तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की नारळी पुनवेला वाडीतल्या सगळ्या होड्या खाडीच्या मुखाशी जमल्या की दर्याला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा होता. एकाने देवापुढे मोठ्याने बोलत जायचं आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आमच्याकडे ही सवय इतकी हाडात भिनलेली, की कुणी गाऱ्हाण्याच्या सुरात काहीही बोललं तरी ऐकणाऱ्याच्या तोंडून ‘व्हय म्हाराजा’ निघूनच जातं. काय मागितलं ते मागाहून कळतं.

मानाला अट एकच होती. शेवटच्या होडीपर्यंत शब्द पोचला पाहिजे. नाही पोचला, तर पुढच्या वर्षी मान शेजारच्या काकांच्या घरी जाणार, हे न बोलता ठरलेलं होतं. काका बाबांचे चुलतभाऊ. माणूस भला, पण आवाज असा की त्यांनी कानात सांगितलेली गोष्ट मालवणच्या बाजारात कळायची. बाबांच्या घशाचं दुखणं झालं तेव्हा रोज समाचाराला यायचे ते काकाच. मला मात्र त्यांच्या प्रत्येक ‘बरो आसस मा?’मध्ये मानाचा वास यायचा. तेव्हा माझा स्वभाव तसाच होता. आता फार बदललाय असं नाही.

खरी टोचणी माझी मलाच होती. मी मालवणच्या शाळेत मास्तर. दर्यावर गेलो नाही, कारण मला होडी लागते. आमच्याकडे मुलाला झील म्हणतात. तांडेलाच्या झिलाला होडी लागावी, ही हलवायाच्या पोराला गोड न सोसण्यातली गत. बाबा त्यावर कधी अवाक्षर बोलले नाहीत. म्हणून मी मनाशी ठरवलं, की जाळं नाही तर नाही, निदान हा मान तरी माझ्या हयातीत घरातून जाऊ द्यायचा नाही.

कुडाळला लग्नाकार्यांना लाऊडस्पीकर पुरवणारा एक दुकानदार होता. जुनी यंत्रं विकायचाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने विचारलं, “मास्तरानूं, लग्नाक व्हयो काय दशावताराक?”

“होडयेर लावक व्हयो,” मी म्हटलं.

“होडयेर? मासे काय गाणी ऐकाक येतले?”

त्याने आधी पेटीतला स्पीकर दाखवला. सिनेमाचं गाणं लावलं. आवाज गोड, मी खूश झालो. पण आतला पडदा कागदाचा. खाऱ्या वाऱ्यात दोन दिवसांत तो पापडासारखा मऊ पडेल, हे सांगायला दुकानदार लागला नाही. मग त्याने पत्र्याचा मोठा कर्णा काढला. त्यावर तेच गाणं लावलं, तर समोरच्या खानावळीतली माणसं बाहेर आली. मला वाटलं, झालं काम. घरी येऊन रात्रभर पाय चोळत पडलो, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की बाबा काही गाणं म्हणणार नाहीत. गाणं सगळ्यांना पाठ असतं, अर्धं ऐकलं तरी पुरं ऐकल्यासारखं वाटतं. मला शब्द पोचवायचे होते, तेही बसलेल्या घशातले.

दुसऱ्या खेपेला मी दुकानाच्या ओट्यावर उभा राहिलो, माईक हातात घेतला आणि बाबांसारखा घोगरा, दबका आवाज काढून सुरू केलं, “बा देवा समुद्रा म्हाराजा...” रस्त्यावरून दोन हमाल पोती घेऊन चालले होते. पोती न उतरवता दोघं म्हणाले, “व्हय म्हाराजा!” दुकानदार हसून हसून खाली बसला. पण त्या मोठ्या कर्ण्यातून माझं ‘समुद्रा’ घुमत, गुरगुरत बाहेर पडलं होतं. हमालांनी उत्तर दिलं ते सुराला, शब्दाला नव्हे. दुकानदाराने तेव्हा एक लहान कर्णा काढला, हातभर लांबीचा, आणि त्याला जोडायला वेगळा माईक. म्हणाला, “हेचो कान तिखट आसा. श्वाससुद्धा धरता. बोलून झाला की बटण बंद करूक इसरा नको.”

तरी माझं समाधान होईना. दुकानाला तीन भिंती होत्या, आवाज परत फिरून येत होता. दर्यावर भिंत कुठली? म्हणून तिसऱ्या खेपेला दोन्ही कर्णे, मोटारीची बॅटरी आणि खुद्द दुकानदाराला घेऊन मी वाडीत आलो. किनाऱ्यावर माडाला कर्णे बांधले. आयेला लाटांच्या कडेने लांबवर उभं केलं. आये बाजारात मासे विकायची. शंभर बायकांच्या कलकलाटात आपलं गिऱ्हाईक कुठे काय म्हणालं ते तिला कळायचं, तेव्हा तिच्या कानाएवढा भरवशाचा कान वाडीत दुसरा नव्हता. शब्द कळला की तिने हात वर करायचा, असं ठरलं. मोठ्या कर्ण्याला तिने एकदाही हात वर केला नाही. लहान कर्ण्याला दर वेळी केला. पदर खोचून परत आली आणि म्हणाली, “मोठो नुसतो वरडता. बारको बोलता.”

या सगळ्या वेळात बाबा उपड्या घातलेल्या होडीला टेकून बसले होते. मांडीवर जाळं होतं, पण हात चालत नव्हते. चाळीसेक वर्षं दर्यावर घालवलेला माणूस, आता वाळूतून घरापर्यंत येताना दोनदा थांबायचा. मी लहान कर्णा त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, “ह्यो घेतलंय बाबा. आता मान खंय जाणा नाय.”

त्यांनी कर्ण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुटपुटले, “कित्याक रे ह्यो खटाटोप?”

‘कशाला’ हा प्रश्न त्यांनी मला पहिल्या खेपेलाही विचारला होता आणि दुसऱ्या खेपेलाही. दर वेळी मला वाटलं, पोराला त्रास नको म्हणून म्हणताहेत. मी दर वेळी हसून म्हटलं, “असांदे बाबा.”

पुनवेच्या दिवशी दुपार उतरताना वीसेक होड्या खाडीच्या मुखाशी आल्या. कर्णा आमच्या डोलकाठीला बांधला होता. बाबा होडीच्या पुढच्या टोकाशी, एका हातात नारळ, एका हातात माईक. मी मागे बॅटरीपाशी, बटणावर हात ठेवून, कारण ते काम मी दुसऱ्या कुणाला देणार नव्हतो. होडी लागणारच होती, ती लागली. डोळे मिटून, दात आवळून मी ऐकत राहिलो.

“बा देवा समुद्रा म्हाराजा, आज पुनवेचो नारळ तुझी लेकरां तुझ्या पायाक लायतत.”

“व्हय म्हाराजा!” शेवटच्या होडीवरून उत्तर आलं. मला रडू फुटायचं बाकी राहिलं.

“काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल.”

“व्हय म्हाराजा!”

“होडयेर गेलेलो झील सांजेक आवशीच्या नदरेक पडांदे.”

“व्हय म्हाराजा!”

नारळ पाण्यात पडल्याचा आवाज झाला. गाऱ्हाणं संपलं. बटण बंद करायची वेळ हीच होती आणि नेमका त्याच वेळी मी काठावरून वाकून ओकत होतो. बाबा जागेवरच उभे होते, माईक छातीशी धरलेला, तोंड पाण्याकडे. ते देवाशी एकट्याने बोलत होते, कुणी ऐकावं म्हणून नव्हे. पण सूर तोच होता, गाऱ्हाण्याचा, आणि मी निवडलेला माईक तिखट कानाचा होता.

“देवा म्हाराजा, मी दमलंय रे. माझ्यान आता होणा नाय. झिलाक सांगाक धीर होणा नाय. पुढल्या वर्सा ह्यो नारळ दुसऱ्याच्या हातात दी, माका घराक बसांदे.”

एकेक शब्द स्वच्छ. वीस होड्यांवर गेला. आणि वीस होड्यांवरून, सवयीने, उत्तर आलं, “व्हय म्हाराजा!”

मग आपण कशाला हो म्हटलं ते एकेकाला कळत गेलं. काकांनी आपल्या होडीवर डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. बाबा हळूच वळले. मला वाटलं होतं रागावतील, लाजतील. त्यांचा चेहरा ओझं उतरवून ठेवल्यासारखा सैल झाला होता. मला मात्र शरमेने मेल्यासारखं झालं. तीन खेपा घातल्या, दोन कर्णे पारखले, आयेला लाटांत उभं केलं, आणि ‘कित्याक रे’ला एकदाही धड उत्तर दिलं नव्हतं.

“बंद कर रे आता तो,” बाबा म्हणाले. तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

कर्णा मी शाळेला देऊन टाकला. पुढच्या पुनवेला मान काकांकडे गेला. त्यांना माईक कशाला लागतोय! बाबा आणि मी किनाऱ्यावर त्याच उपड्या होडीला टेकून बसलो होतो. काकांचं पहिलं वाक्य वाऱ्यावरून आलं. होड्यांवरून उत्तर उठलं, आणि माझ्या शेजारून, अगदी हलक्या घोगऱ्या आवाजात, बाबा म्हणाले, “व्हय म्हाराजा.” पुनवेला दुसऱ्याच्या गाऱ्हाण्याला त्यांनी हो म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मग मीही म्हटलं.