दारातलं हसू
कोणी संत्रं सोललं की मला वरूडचं आमचं अंगण आठवतं, आणि तोंड कडू होतं. विहिरी आटल्या त्या वर्षांतली गोष्ट. बाबांची बाग उभी वाळली आणि पाठोपाठ बाबाही गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी तेव्हा हवाईसुंदरी होते. दर फेरीला सोबतच्या मुली नव्या, त्यामुळे बातमी कळल्यावर रडायलाही ओळखीचं कोणी नव्हतं. सुट्टी मिळून घरी पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. अंगणात तोडलेल्या संत्र्याच्या झाडांचा ढीग पडला होता, आणि त्यातलीच लाकडं जाळून शेजारीण बसायला येणाऱ्यांसाठी चहा उकळत होती. माणसं येऊ लागली तशी मी दारात जाऊन उभी राहिले, पाठ ताठ, हात जोडलेले. चांदूर बाजारहून आलेली मावशी मला बघून थबकलीच. "काहून हासून राहिली वं पोरी? बाप मेला ना तुहा!" मी गालाला हात लावला. खरंच हसत होते. विमानाच्या दारात हसायची तसंच, दात दिसतील इतकं. बायका कुजबुजल्या. भिंतीला टेकून बसलेली आई मान वर न करता म्हणाली, "हासू द्या तिले. तिले त्याचाच पगार भेटते." त्यानंतर मला कोणी जवळ घेतलं नाही. ती नोकरी सुटूनही आता बरीच वर्षं झाली. संत्र्याचा वास आला की अजून रडू दाटून येतं, पण डोळे भरायच्या आधी गालच वर जातात.