सुमेधचा सोलो

ऑर्केस्ट्रावाल्यांची गाणी लोक विसरतात. किस्से मात्र राइस मिलच्या मागं कोंडा साचावा तसे साचत जातात. आमची गोंदियाची पार्टी बंद पडून बरीच वर्षं झाली, तरी जुने दोघं टपरीवर भेटलो की सुरू! आणि कोणताही किस्सा काढा, तो फिरून फिरून सुमेधवरच येतो. लीड गिटारवाला मी, स्टेजवर पुढं उभा राहणारा मी, आणि किस्से त्या पोट्ट्याचे! आता सांगा, माणसानं जळू नये तर काय करावं?

*

सुमेध पहिल्यांदा आला तो अर्जुनी मोरगावहून, सकाळच्या गाडीनं. गिटार तांदळाच्या बारदान्यात गुंडाळलेली. आमचे मालक पप्पूभैया, कीबोर्डही तेच वाजवायचे. त्यांनी एका नव्या गाण्याची कॅसेट लावली आणि म्हणाले, "इसका गिटार दो-चार दिन में बैठा के ला."

सुमेधनं एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकता ऐकता सोबत वाजवलं. मग कॅसेट बंद केली आणि एकट्यानं सगळं वाजवून दाखवलं.

पप्पूभैया खुर्चीतून उठलेच! "अरे, ये लड़का है कि टेपरिकॉर्डर!"

सगळी पार्टी माझ्याकडे पाहून राहिली. सीनियर माणसानं अशा वेळी दोन चांगले शब्द बोलायचे असतात.

मी म्हणालो, "नखं वाढली आहेत त्याची."

*

मी घरी प्रॅक्टिस करायचो ती बायकोला शिक्षाच होती. एकच तुकडा घोळवून घोळवून तो तिलाही पाठ झालेला. भाजी चिरता चिरता आतून आवाज यायचा, "अजी, तिथंच चुकून राहिले तुमी!" संगीतातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण चूक बरोबर पकडायची.

एकदा सुमेध घरी आला. मी काही बोलायच्या आतच ही म्हणाली, "भाऊ, यांचं जे अडून राहिलं ना, ते वाजवून दाखवा बरं."

त्यानं वाजवलं. आतून काही आवाज नाही. थोड्या वेळानं ती चहा घेऊन आली. चहात इलायची!

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. आमच्या घरात इलायची असते हे मला त्या दिवशी कळलं.

*

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. जत्राच ती. दुपारी दंडार, म्हणजे आमचा लोकनाच, रंगते, मग नाटक नाहीतर ऑर्केस्ट्रा, आणि लेकी-जावई झाडून हजर. त्या वर्षी नेमका माझ्या सासुरवाडीच्या मंडईचा कार्यक्रम आमच्या पार्टीला मिळाला.

सासरे, म्हणजे मामाजी, धानाचे कास्तकार. माझ्याबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. कोणी विचारलं, जवाई काय करते, तर म्हणायचे, "काही नाई, तुनतुनं वाजवते." माझं स्टेशनरीचं दुकान होतं, त्याचं नावसुद्धा घ्यायचे नाहीत!

कार्यक्रमाला नागपूरचा गायक येणार होता. त्यानं शेवटी गायला असं गाणं सांगितलं, ज्याच्या मधोमध लांबलचक गिटार सोलो. सोलो म्हणजे गायक गप्प उभा राहतो आणि गिटार एकटीच बोलते, तो भाग. हा तर बोटं मोडणारा! पण मामाजी पहिल्या रांगेत बसणार होते. त्यांच्यासमोर तो मी वाजवला तर वाजवला, नाहीतर जन्मभर तुनतुनं.

पप्पूभैयानं फर्मान काढलं, "मंडई सर पे है. रिहर्सल में जिसका सही बैठा, वो बजाएगा."

सुमेध म्हणाला, "हाव." इतकंच. त्याच्या त्या 'हाव'चासुद्धा मला राग आला.

*

तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. दिवसभर लाइट गायब, म्हणून टेपरिकॉर्डर सेलवर. सेल उतरले की उन्हात ठेवायचे, हे आपल्याकडे लहान लेकरालाही माहीत आहे. ठेवले, घातले, पुन्हा ठेवले.

सुरुवातीला त्या सोलोनं माझ्या बोटांचा भुगा केला. मग जादूच झाली! सोलो रोज थोडा थोडा सोपा होत गेला. कधी सूर जुळत नव्हता, पण बोटं गिटारच्या दांडीवर एक पडदा खाली सरकवली की जुळायचा. मी बायकोला ऐटीत सांगितलं, "याले म्हणते रियाज!"

रिहर्सलला पप्पूभैयानं कीबोर्डवर सूर दिला आणि मी डोळे मिटून सुरू केलं. लगेच सगळे थांबले.

"भाई, गाना किस पट्टी में, तू किस पट्टी में? और इतना सो-सो के क्यों बजा रहा है?"

मग डोक्यात प्रकाश पडला. सेल उतरत गेले तशी कॅसेट हळू फिरत गेली, सूर खाली जात राहिला, आणि त्याच्यामागं मीही गेलो! सोलो मी बिनचूक बसवला होता, पण मेलेल्या सेलचा!

सुमेधनं तोच सोलो बसस्टँडच्या हॉटेलात चहा पिता पिता ऐकला होता म्हणे. त्यानं वाजवला, पप्पूभैयानं मान डोलावली, विषय संपला. मला त्याचे दोन्ही कान उपटावेसे वाटले.

*

सोलो गेला, पण मी सोडला नाही. नवेकोरे सेल आणले आणि गिऱ्हाईक नसलं की दुकानातच बसून वाजवत राहिलो. कायले? कोणासाठी? नुसता जळून!

एका दुपारी सोलो पहिल्यांदा सुरात, बरोबर चालीत, अख्खा निघाला. वर पाहिलं तर दारात सुमेध.

"काऊन बे, कधीचा उभा आहेस?"

"आत्ताच आलो ना भाऊ. पेन पाहिजे होता."

पेन न घेताच गेला.

*

मंडईचा दिवस. पांढरी टोपी घालून मामाजी पहिल्या रांगेत, मांडीवर नातू. सुमेध स्टेजवर पुढं, मी मागं साथीचे कॉर्ड वाजवत. शेवटचं गाणं सुरू झालं. मामाजींनी माझ्याकडे बोट दाखवून शेजाऱ्याच्या कानात काही सांगितलं आणि शेजारी हसला. ऐकू आलं नाही, पण शब्द मला माहीत होता.

सोलो अगदी तोंडाशी आला आणि सुमेध गर्रकन मागं वळला. गिटार पोटाशी घट्ट धरलेली.

"भाऊ, तार तुटली! तुमी वाजवा!"

घाबरायलाही वेळ नव्हता. मी पुढं गेलो आणि वाजवला. कसा वाजवला ते विचारू नका, मला खरंच आठवत नाही. शेवटचा सूर ताणून डोळे उघडले तर शिट्ट्याच शिट्ट्या! मामाजी नातवाला खाली ठेवून उभे राहिले होते आणि शेजाऱ्याचा खांदा हलवून हलवून ओरडत होते, "आमचा जवाई होय तो! आमचा जवाई!"

कार्यक्रम संपला. सुमेधनं गिटार बॅगेत घातली, आणि बायको त्याला तसाच हात धुवायला लावून जेवायला घेऊन गेली. मी स्टेजवर सामान आवरत होतो. माझ्याकडे एक नवी तार होती. म्हटलं, बिचाऱ्याच्या गिटारला चढवून ठेवू. त्या दिवशी मन मोठं झालं होतं माझं!

बॅग उघडून गिटार बाहेर काढली.

सगळ्या तारा जागच्या जागी. बोट फिरवून पाहिलं. सुरातही होत्या!