जिनिंगमधली कडी

रुपीबाई अंगणात तुरीची डाळ पाखडत होत्या. निम्मी झाली आणि नदीकाठच्या बंद जिनिंगमधून बोलावणं आलं. डाळ तशीच झाकून त्या निघाल्या.

दिग्रसच्या त्या जिनिंगमध्ये रुपीबाईंनी वीस वर्षं मशीनवर कापूस टाकला होता. आता तिथे वाचनालय आणि कॅफे होणार होता. इंजिनीयर दीपाने वरच्या तुळईकडे बोट दाखवलं. "मावशी, या अकरा कड्या कशाच्या? वजनकाट्याच्या का?"

रुपीबाईंना हसू आलं. "काटा कायचा वो! आम्ही बाया लेकरायच्या झोळ्या बांधत होतो. माहा शाम एवढ्या खडखडाटात झोपे, अन् मशीन थांबली का भोकाड पसरे!"

दीपाही हसली. मग म्हणाली, "उद्या दुपारी सगळ्या कापणार आहेत. पण एक ठेवते. तुमची कोणती?"

रुपीबाई मान वर करून बघत राहिल्या. तिसरी की चौथी? काही केल्या आठवेना. ती कडी ठोकून देणारे घरधनी आज असते तर त्यांनी सांगितलं असतं. शाम पुण्यात, आणि झोळीतल्या लेकराला काय ठाऊक! शेजारच्या कडीला झोळी बांधणारी बबिता तेवढी उरली होती. तीही लेकीकडे महागावला, आणि तिचा जुना नंबर लागत नव्हता.

"मधली ठेवू का?"

"नाही माय, अशी कोणतीबी नको ठेवू. उद्या सकाळपर्यंत थांब."

घरी येऊन त्यांनी अर्धवट पाखडलेली डाळ तशीच डब्यात ओतली, सेवालाल महाराजांच्या फोटोला हात जोडले आणि कुलूप लावलं. बबिताला विचारायला त्यांना महागावची एसटी पकडायची होती.