सव्वाचार की साडेचार

जुबैलच्या एका कंपनीत मी टाइमकीपर होतो. फाटकाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत बसायचं आणि बसमधून उतरणाऱ्या दोनशे माणसांची आत यायची वेळ लिहायची, हे माझं काम. रत्नागिरीकडचा बी.कॉम. झालेला मुलगा एवढ्यासाठी समुद्र ओलांडून गेला, हे मी घरी कळू दिलं नव्हतं. घरच्यांच्या लेखी मी ‘ऑफिसात’ होतो.

माझ्याकडे दोन वह्या असत. कच्च्या वहीत खरी वेळ, पक्क्या वहीत कंपनीची. कंपनीचा नियम असा, की सातवर एक मिनिट झालं की सव्वासात लिहायचे आणि सव्वासातवर एक मिनिट झालं की साडेसात. सुटताना मात्र पाचवर चौदा मिनिटं झाली तरी पाचच. नियमाला दिशा एकच ठाऊक होती. महिन्यात चार सव्वासात पडले की माणसाचं नाव घरी जायच्या सुट्टीच्या यादीत तळाला जाई. ही सवय माझ्या हाडात एवढी मुरली, की खोलीतल्या लोकांना मी नमाजाची वेळसुद्धा पाव-पाव तासांत सांगायला लागलो होतो.

आमच्या शेजारच्या गावचे एक चाचा तिथे पाइपफिटर होते. तीन वर्षं घरी गेले नव्हते. त्यांचं नाव यादीत वर आलं आणि तेवढ्यात इराक कुवेतमध्ये घुसला. चाचांना अक्षरओळख नव्हती, बायकोची पत्रं मीच वाचून दाखवायचो. दर पत्रात शेवटी एकच वाक्य असे: मरायचंच असेल तर इथे येऊन मरा. चाचा हसायचे आणि पत्र घडी करून खिशात घालायचे. पण त्या महिन्यात त्यांच्या नावावर तीन सव्वासात पडले होते. रोज सकाळी खिडकीत वाकून ते विचारत, “माझे तीनच ना रे?”

“तीनच, चाचा.”

“बघ हं. तुझा हात भारी सढळ आहे.”

अमेरिकन फौज जुबैलच्या बंदरात उतरली आणि आमच्या साइट मॅनेजरला आपली जवानी आठवली. हा गडी अमेरिकन, पोट पुढे, तोंडात कायम सूर्यफुलाच्या बिया. मायदेशी असताना सुट्टीच्या दिवशी तो कॉलेजांची मैदानं पालथी घालायचा आणि कुठला पोरगा पुढे पैसे घेऊन बेसबॉल खेळण्याच्या लायकीचा आहे, ते एका मोठ्या क्लबाला कळवायचा. आता दर शुक्रवारी दुपारनंतर सैनिक आमच्या कंपाउंडात खेळायला येत. त्यांच्यासाठी रस्त्याचा रोलर फिरवून वाळू दाबून घेतली होती. रोलर फिरवणाऱ्यांची वेळ अर्थात मीच लिहिली.

त्या सैनिकांत एक होता, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा. फी सुटावी म्हणून राखीव फौजेत नाव घातलं आणि पुस्तकं मिटून थेट वाळवंटात आला. मैदानाच्या चार कोपऱ्यांवर धावून गाठायचे थांबे असतात; त्यांतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधोमध उभं राहून सरपटणारे चेंडू उचलायचे आणि पहिल्या थांब्याकडे फेकायचे, ही त्याची जागा. मॅनेजर त्याच्यावर फिदा झाला. पोराचं धावणं मोजायला त्याला घड्याळ धरणारा माणूस हवा होता. त्याने कंपनीची यादी काढली, तिच्यात ‘टाइमकीपर’ हा शब्द दिसला आणि स्टॉपवॉच माझ्या गळ्यात पडलं. माझा आणि सेकंदांचा कधी संबंध आला नव्हता, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण ऐकणार कोण.

मग तो बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. हात बघितले. वाकायला लावलं, वळायला लावलं. चाल बघितली. प्रत्येक गोष्टीला वीसपासून ऐंशीपर्यंत गुण. शून्य आणि शंभर कुणाला मिळतच नाहीत म्हणे. “चेहरा चांगला आहे,” असंही मॅनेजर गंभीरपणे म्हणाला. हातात मुसळ घेऊन चेंडू बडवायला चेहरा कशाला लागतो, कोण जाणे. आमच्याकडे मुलगी बघतात तेव्हा निदान पाहुण्यांना चहा तरी मिळतो.

पोरगा मला ‘सर’ म्हणाला. सबंध सौदीत मला सर म्हणणारा तो पहिला माणूस, त्यामुळे मी ताबडतोब त्याच्या बाजूचा झालो. पाणी पिताना त्याने सांगितलं, की क्लबांची माणसं वसंतात कॉलेजांत फिरतात, आणि तेव्हा तो इथे असणार. पुढच्या वर्षी वय वाढलेलं, मग कोण विचारतो. “हा रिपोर्ट एवढंच माझ्याकडे आहे, सर.”

चेंडू मारून पहिल्या थांब्यापर्यंत तो सहा वेळा धावला. मी कच्च्या वहीत सेकंद लिहिले: ४.२७, ४.२९, ४.२६, ४.३१, ४.२८, ४.२७. मग मॅनेजरचा छापील फॉर्म भरायला घेतला. पेन आपोआप चाललं. सव्वाचारच्या पुढे गेला म्हणजे साडेचार. सहाच्या सहा वेळा साडेचार.

मॅनेजरने फॉर्म पाहिला. “इतका सारखा धावणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही,” असं म्हणाला, पण त्याचं तोंड उतरलं होतं. रिपोर्टात त्याने लिहिलं की हात उत्तम, फेक चांगली, पाय जड. फॅक्स गेला. पोराला त्याने काही सांगितलं नाही.

आठवड्याने मॅनेजर माझ्या खोलीत येऊन बिया थुंकत बसला. “डोळ्यांना तो सव्वाचारचा वाटत होता,” म्हणाला. “सव्वाचार म्हणजे धंदा. साडेचार म्हणजे घरी बसा.”

नोकरी जाईल, हा पहिला विचार. पोराचं काय होईल हा दुसरा. खोटं कशाला बोलू. शेवटी मी कच्ची वही पुढे केली.

त्याने आकडे वाचले आणि लालबुंद झाला. “पाव सेकंद? तू एका माणसाचा पाव सेकंद खाल्लास? त्याच्यावर त्याचं आयुष्य उभं आहे.”

“नियम आहे, सर.”

“कुठल्या गाढवाचा?”

मी भिंतीकडे बोट केलं. तिथे नियमाचा कागद चिकटवलेला होता, खाली त्याचीच सही. त्याने सही वाचली. मग त्याने माझी वही चाळली. पानामागून पान, सात-दोन, सात-चार, सात-एक.

“हे कोण?”

“कामगार, सर.”

“ते वेगळं,” तो म्हणाला आणि वही मिटली.

दहा मिनिटांत दुरुस्तीचा फॅक्स गेला. दोन दिवसांत उत्तर आलं, की पोरगा परतला की त्याला चाचणीला बोलावतो. मॅनेजर एवढा खूश, की खोलीत येऊन त्याने माझी पाठ थोपटली. “तुला काय हवं ते माग.”

कच्ची वही टेबलावर होती. चाचांचं पान मला पाठ होतं: सात-एक, सात-दोन, सात-दोन. मी म्हणालो, “सर, मला गॅस मास्क मिळेल का?” इराक विषारी वायू सोडील या भीतीने वाटलेले मास्क तोवर फक्त गोऱ्यांना आणि ऑफिसच्या लोकांना मिळाले होते. माझा त्याच दुपारी आला.

दुसऱ्या दिवशी बस तीन मिनिटं उशिरा आली. वाटेत त्या पोराच्याच फौजेच्या रणगाड्यांची रांग चालली होती. चाचा सगळ्यांच्या आधी उतरले आणि पंचावन्न वर्षांचा तो माणूस, हातात डबा, खिडकीपर्यंत धावत आला. त्यांचं धावणं कुणी मोजलं नाही.

“त्या गोऱ्या पोराचं घड्याळ नीट केलंस म्हणे,” ते धापा टाकत म्हणाले. “बरं केलंस.”

मास्क माझ्या मांडीवर होता. कच्च्या वहीत मी सात-तीन लिहिलं. मग पक्की ओढली आणि चाचांच्या नावापुढे चौथं सव्वासात लिहिलं. मला स्वतःची लाज वाटली, पण लिहिलं.

चाचांनी खिडकीतून वाकून उलट्या वहीकडे पाहिलं.

“तीनच ना रे?”

“तीनच, चाचा,” मी म्हणालो.