जास्तीची लाइन

बळवंतराव निकमांच्या घरी जानेवारीत दही राउटरच्या मागे लागायचं. गुडगावच्या थंडीत विरजण लावलेलं दूध ओट्यावर ठेवलं, तर सकाळी दूधच परत मिळायचं. वासंतीताईंनी महिनाभर हा छळ सोसला. मग एक दिवस त्यांनी पातेलं उचललं आणि बंद करून घेतलेल्या बाल्कनीत, नवऱ्याच्या त्या घोंघावणाऱ्या चार पेट्यांच्या मागे, जिथे गरम वारा येतो तिथे नेऊन ठेवलं. सकाळी दही असं लागलं होतं की चमचा उभा राहावा. बळवंतरावांनी फक्त एवढंच विचारलं, "सांडणार नाही ना?"

राउटर म्हणजे एका नेटवर्कवरचा निरोप दुसऱ्या नेटवर्कवर योग्य वाटेने धाडणारी पेटी. मानेसरच्या, मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या ज्या कारखान्यात बळवंतराव नोकरीला होते, तिथे नव्या पेट्या आल्या तेव्हा या चार जुन्या त्यांनी साहेबांना विचारून अभ्यासासाठी घरी आणल्या होत्या. माणूस मूळचा कराडकडचा, शिक्षण बारावी, आणि बावीस वर्षं फौजेत, सिग्नल्समध्ये. आधी खांबावर चढून तारा ओढल्या, मग टेलिफोन एक्स्चेंज सांभाळलं आणि शेवटी संगणक आले तेही शिकून घेतले. नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत मानेसरला रुजू झाले. घरी बसणं त्यांना जमणारच नव्हतं. कारखान्यात सगळे त्यांना 'फौजी साहब' म्हणत. नेटवर्क बंद पडलं की पहिली हाक त्यांनाच, पण हुद्द्यावर मात्र 'असिस्टंट' एवढंच लिहिलेलं.

आता हा असिस्टंट चव्वेचाळिसाव्या वर्षी नेटवर्किंगची सगळ्यात वरची परीक्षा द्यायला निघाला होता. लेखी भाग त्यांनी पहिल्याच फटक्यात काढला. उरला होता तो प्रात्यक्षिकाचा दिवस. बंगळूरला जायचं, बंद खोलीत बसायचं, समोर यंत्रांची मांडणी आणि हातात प्रश्नांचा कागद, आणि आठ तासांत कागदावर लिहिलंय तसं अख्खं नेटवर्क उभं करून दाखवायचं. इंजिनियर झालेली पोरं या परीक्षेत दोन-दोन, तीन-तीनदा आपटत होती.

हौस म्हणून कोणी एवढा जीव काढत नाही. कारखान्याचे व्यवस्थापक दहिया साहेब रोहतकचे, बोलायला सरळसोट. त्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "फौजी साहब, नया प्लांट बन रहा है. यह परीक्षा निकाल लो, तो यहाँ के नेटवर्क के हेड आप. नहीं निकली तो बाहर से कोई आएगा और आपको अप्रैल में चेन्नई वाले प्लांट भेजना पड़ेगा. कंपनी दो बार भेजेगी, तीसरी बार नहीं."

घरी वासंतीताईंनी चेन्नई हा शब्द ऐकला. त्या पोळ्या लाटत राहिल्या. लग्नानंतर त्यांनी नऊ घरं मांडली आणि नऊ घरं मोडली होती. अंबाला, जोधपूर, तेजपूर, मग दिल्ली कँटोन्मेंट, मधली नावं त्या आता क्रमाने सांगूही शकत नव्हत्या. पालम विहारचं हे घर दहावं आणि पहिलं स्वतःचं. इथे शेजारच्या पंजाबी बाईशी त्यांचं गूळपीठ जमलं होतं, भाजीवाला त्यांच्यासाठी मेथी बाजूला काढून ठेवायचा, आणि मुलगी भक्ती, दहावीतली, आयुष्यात पहिल्यांदा एका शाळेत सलग तीन वर्षं टिकली होती. हे घर सोडायचं नव्हतं. त्यांनी तसं एकदाच म्हटलं आणि पुन्हा कधी उच्चारलं नाही, कारण म्हणून उपयोग नव्हता. उपयोग होता तो परीक्षेचा.

नोव्हेंबरात बळवंतराव पहिल्यांदा बंगळूरला गेले आणि नापास होऊन आले.

त्यांना ते खरंच वाटेना. सगळं चालत होतं! उठताना त्यांनी स्वतः तपासलं होतं, प्रत्येक यंत्र प्रत्येक यंत्राशी बोलत होतं. निकालात कारण लिहिलेलं नव्हतं, नुसते भागवार टक्के होते; ज्या भागांत पैकीच्या पैकी मिळायला हवे होते, त्यांतच गुणांची दाणादाण उडाली होती. त्या रविवारी बळवंतरावांनी बूट तीनदा पॉलिश केले.

पण हार मानून बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. डिसेंबरपासून तयारी फौजी शिस्तीत सुरू झाली. रोज पहाटे चारला उठून दोन तास, मग कंपनीची बस. आणि रविवारी पूर्ण रंगीत तालीम, सकाळी नऊ ते सहा, जेवायला एक तास. भक्ती पुस्तकातून प्रश्न उतरवून कागद तयार करायची आणि वासंतीताई परीक्षक होऊन बाल्कनीच्या दाराशी गजराचं घड्याळ घेऊन बसायच्या. मध्ये बोलायचं नाही, चहा मागायचा नाही. एकदा वीज गेली आणि साठवून न ठेवलेलं तीन तासांचं काम साफ पुसलं गेलं. बळवंतरावांनी तोंड उघडलं, परीक्षक बाईंनी बोट ओठांवर ठेवलं, आणि त्यांनी तोंड मिटून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"मम्मी, तू ना बिल्कुल हेडमिस्ट्रेस वाटतेस," भक्ती म्हणाली.

"वाटू दे. पास होऊ देत आधी."

मग तो जानेवारीतला शनिवार आला. वासंतीताईंनी संक्रांतीच्या सामानाची यादी देऊन नवऱ्याला बाजारात पाठवलं होतं. ते आले आणि त्यांनी पिशवी ओट्यावर रिकामी केली. यादीत तीळ एक पाकीट, पिशवीत दोन. कोथिंबिरीची एक जुडी सांगितली, आल्या दोन. गाजर-मटारांबरोबर न सांगितलेला फ्लॉवरही आलेला. हे काही नवीन नव्हतं, वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. वासंतीताई नेहमीप्रमाणे चिडणार, तेवढ्यात त्यांचा हात थांबला. त्यांनी यादी उचलली, सामानाशेजारी ठेवली आणि एकदा यादीकडे, एकदा सामानाकडे पाहिलं.

"अहो, इकडे या जरा. हे दुसरं पाकीट कशाला?"

"असू दे गं. एक खराब निघालं तर?"

"पेपरातसुद्धा असंच करून आलात का?"

बळवंतराव हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. ते बाल्कनीत गेले, मागच्या रविवारचा प्रश्नांचा कागद काढला आणि खुर्चीवर बसून वाचू लागले. कागद म्हणत होता, या कार्यालयाचे निरोप या एकाच वाटेने जावेत. त्यांनी ती वाट तर केलीच होती, पण शेजारच्या पेटीतून आणखी एक वाटही काढून ठेवली होती. पहिली तुटली तर असावी म्हणून. कोणी सांगितली नव्हती. त्यांना वाटायचं, तपासणारा खूश होईल, म्हणेल काय दूरदृष्टी आहे. तपासणारा बिचारा कागद बघून फुली मारत असणार.

"सगळीकडे केलंय," ते आतून म्हणाले. "वासंती, मी सगळीकडे जास्तीची लाइन टाकलीय."

ही खोड उगाच लागलेली नव्हती. लडाखच्या बाजूला एका ठाण्यावर असताना बर्फ घसरून टेलिफोनची तार तुटली होती. आजारी जवानाला खाली न्यायचं होतं आणि निरोप द्यायला वाट नव्हती. तेव्हा नाईक हुद्द्यावर असलेल्या निकमांनी, कोणाचा हुकूम नसताना, आदल्या आठवड्यात दुसऱ्या बाजूने ओढून ठेवलेली तार कामी आली. पोरगा वाचला. त्या दिवसापासून बळवंतरावांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट एकटी सोडली नाही. घरात टॉर्च दोन, कुलपाच्या किल्ल्या तीन, आणि रेल्वेच्या तिकिटाची झेरॉक्स पाकिटात वेगळी. आता परीक्षा सांगत होती की ज्याने एका माणसाचा जीव वाचवला, तेच सोडून द्या.

"हे चूक आहे," ते कुरकुरले. "कुठलाही शहाणा माणूस एकच लाइन टाकणार नाही."

"नसेल टाकत," वासंतीताई म्हणाल्या. "पण हुकूम काय आहे? फौजेत साहेबाने एक म्हटलं की तुम्ही दोन करायचात का?"

बळवंतराव कागदाची घडी घालू लागले. करायचेच ते दोन, पण हे बायकोसमोर कबूल कोण करणार?

मग उरलेल्या दिवसांत निकमांच्या घरी अजब शिक्षण चाललं. वासंतीताई मुद्दाम रोज यादी देत. दोन लिंबं म्हटलं की दोनच आणायची, तिसरं आणलं की परत द्यायला पाठवणी. भाजीवाल्याला वाटलं, फौजी साहब आणि मेमसाब यांचं काहीतरी बिनसलंय. रविवारी तालीम संपली की भक्ती कागद हातात घेऊन बसायची आणि विचारायची, "पप्पा, यातलं कोणी सांगितलेलं नाही ते दाखवा." पहिल्या रविवारी अकरा जागा निघाल्या. पुढच्याला सहा. मग चार, आणि त्या चारवर गाडी अडून बसली, कारण त्या चार त्यांच्या लक्षातच येत नसत. बोटंच आपोआप करून मोकळी होत.

फेब्रुवारीच्या शेवटी ते दुसऱ्यांदा बंगळूरला गेले.

त्या बंद खोलीत त्यांचं काम पाचच्या आधी संपलं. सव्वा तास हातात होता. त्यांनी कागद पहिल्यापासून उघडला आणि स्वतःचं काम कागदाशी ताडून बघायला लागले, यादी आणि पिशवी शेजारी ठेवावी तसं. तीन ठिकाणी जास्तीची वाट सापडली. त्यांनी दोन काढून टाकल्या. तिसरीपाशी हात अडखळला. अगदी चोख बेतलेली वाट होती ती, त्यांना स्वतःलाच कौतुक वाटावं अशी. ती काढली की ते कार्यालय एकाच धाग्यावर लोंबकळणार होतं. कागदावर मात्र एकच लिहिलेली होती. बळवंतरावांनी ती काढली, काम साठवलं, आणि वेळ संपेपर्यंत हात मांडीखाली दाबून बसून राहिले, पुन्हा काही करू नये म्हणून.

निकाल ई-मेलने येणार होता आणि परतीची गाडी दोन दिवसांची. वडिलांचा पासवर्ड भक्तीला ठाऊक होता. हे वासंतीताईंनाही ठाऊक होतं, म्हणून त्यांनी इंटरनेटची तारच काढून आपल्या कपाटात कुलूपबंद केली होती. "ज्यांचा निकाल त्यांनी बघायचा," एवढंच त्या म्हणाल्या. खरं म्हणजे त्यांचा स्वतःचा धीर होत नव्हता.

बळवंतराव सकाळी घरी पोचले, तोंडही न धुता बाल्कनीत बसले. तार जोडली. फोन लागतानाचा तो किर्र आवाज संपता संपेना. मग पान उघडलं, वरून खाली इंच इंच सरकत.

"पास!" भक्ती ओरडली. "पप्पा, पास! खाली नंबर पण आहे!"

बळवंतरावांनी तो पाच आकडी नंबर दोनदा वाचला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"कसला नंबर?" वासंतीताईंनी विचारलं.

"माझा. पास होणाऱ्या प्रत्येकाला एक मिळतो. कायमचा."

वासंतीताई पडद्यावरच्या त्या आकड्याकडे बघत राहिल्या. नवऱ्याचा फौजेतला नंबर त्यांना झोपेतही पाठ होता. ते फौजेत असेपर्यंत प्रत्येक पत्रावर त्यांनी तो आपल्या हाताने लिहिला होता, आणि दर दोन-तीन वर्षांनी त्याच नंबराच्या नावाने एक सरकारी कागद यायचा की दुसऱ्या दिवसापासून भांडी कागदात गुंडाळायला घ्यायची.

"या नंबरावर," त्यांनी हळूच विचारलं, "बदलीचा कागद येत नाही ना?"

"नाही," बळवंतराव म्हणाले. "या नंबरावर नाही येत."

नऊ घरं सोडताना वासंतीताई एकदाही रडल्या नव्हत्या, रडायला सवड कुठे होती? आता त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि पोटभर रडल्या. बळवंतराव खुर्चीवरून उतरून त्यांच्या शेजारी बसले, आणि बराच वेळ दोघंही उठले नाहीत.