रंगनाथनं घेतलेलं माप

रंगनाथच्या मुलीचा, सुनीताचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. "काका, बाबा गेले... चहा घेतला, छातीत कळ आली, कन्नडच्या दवाखान्यात नेईपर्यंत खेळ संपला." मग हुंदका आवरून म्हणाली, "तुमचा शर्ट शिवून ठेवलाय त्यांनी. घेऊन जावा." मला आधी दुःख झालं नाही, लाज वाटली. ती अजून गेलेली नाही. सुनीताला विचारूनच, नाव बदलून हे लिहितो आहे.

रंगनाथ पिशोरचा शिंपी. संभाजीनगरात एचआयव्हीची औषधं मिळतात अशा एका केंद्रात मी गोळ्या देत असे. रुग्णानं दर महिन्याला डबी परत आणायची आणि मी उरलेल्या गोळ्या मोजायच्या, अशी रीत होती. एकदा त्याच्या डबीत निम्म्या गोळ्या तशाच निघाल्या, शिवाय एक कापलेला तुकडा. त्यानं काही लपवलं नाही. "सर, पुरी गोळी घेतली की दिवसभर गरगरतंय. सपनं अशी पडत्यात की झोपायची भीती वाटती. कात्री सरळ चालत नाय. म्हणून अर्धी घेतो." त्याचा तोल जात होता. रांगेतल्या सगळ्यांसमोर मी विचारलं, "पिऊन आलास का?"

"नाय सर. पर एकाच मापाचा शर्ट साऱ्या गावाला कसा व्हईल?"

शिंप्यानं मला औषध शिकवावं याचा मला राग आला. मी त्याला सुनीताची शपथ घ्यायला लावली, पुरी गोळी घेईन म्हणून. त्यानं ती पाळली. दोन वर्षं. एका नवरदेवाचा कोट चुकीचा कापला गेला, तेव्हापासून कापड बेतणं त्यानं सोडलं. काजं-बटणं आणि फॉल-पिको एवढंच करू लागला. विचारलं तर म्हणायचा, "माझंच डोकं कच्चं, सर." मी कागदावर लिहायचो, तक्रार नाही.

पुढं एका प्रशिक्षणात डॉक्टरीणबाईंनी समजावलं. काही माणसांच्या शरीरात, जन्मतःच, ते औषध फार हळू उतरतं. रक्तात साचतं, मेंदूत जास्त पोचतं, मग चक्कर, भयानक स्वप्नं. अशांना डॉक्टर मात्रा कमी करू शकतात किंवा औषध बदलतात. मनानं गोळी अर्धी करणं धोक्याचंच, हे मी आजही सांगेन. पण त्याला डॉक्टरांकडे पाठवायला माझं काय जात होतं? मी मागं बसून खाली मान घालून ऐकत राहिलो.

नंतर सरकारनं सगळ्यांचंच औषध बदललं. थोड्याच दिवसांत रंगनाथ ताठ चालत आला. "सर, डोकं मोकळं झालं. परत कापड बेतायला लागलो." तेव्हा तरी सांगायचं... मी काय म्हणालो? "बघ, नियमानं घेतलंस म्हणून!" त्यानं हात जोडले.

मी निवृत्त झालो त्या दिवशी तो टेप घेऊन आला आणि तिथंच माझं माप घेतलं. पिशोरला शर्ट आणायला जाईन तेव्हा सांगेन, डोकं तुझं कच्चं नव्हतं, असं ठरवलं होतं. आधी ऊन होतं, मग पाहुणे, मग गुडघा.

दहाव्याला गेलो. सुनीतानं शर्ट हातात दिला. "बाबा म्हणायचे, सरांचा उजवा खांदा उतरलाय, त्यांनाबी ठावं नसंल." घरी येऊन घातला. तो खांदा त्यानं वेगळा बेतला होता. शर्ट अंगाला अगदी बरोबर बसला, आणि मला तो लगेच काढावा लागला.